नावेची निवड : गुराब, गलबत आणि सर्फस्की

पिंप्राळ्यापासून समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. वैशाखात गिरणेच्या पात्रात पायाचा घोटा भिजेल इतके पाणी दिसले, तरी आपण समाधान मानतो. अशा गावी, दिवसभराचे ऊन सोसून सायंकाळी जमलेल्या श्रोत्यांपुढे समुद्रावरील नावांचा विषय घ्यावा, हे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. सतराव्या शतकात खानदेशचे कापड आणि नीळ याच खोऱ्याच्या वाटेने सुरतेच्या बंदरात जात असे. इंग्रजांनी धरणगावी वखार घातली, ती या मालासाठीच. हा माल ज्या समुद्रावर चढे, त्या समुद्रावर सत्ता कोणाची, या प्रश्नाचा आपल्या चरख्याशी आणि मागाशी संबंध होता. आणि ही सत्ता पुष्कळ अंशी एका साध्या निवडीवर अवलंबून होती : कोणत्या पाण्यासाठी कोणती नाव बांधावी?

हा प्रश्न आज नव्या रूपाने पुन्हा विचारला जात आहे. सर्फस्की नावाची एक अरुंद, लांबट आणि अतिशय चपळ नाव आता जगभर समुद्रावर वल्हवली जाते. तिचा उगम ऑस्ट्रेलियातला. पोर्ट मॅक्वारी या गावी हॅरी मॅक्लारेन आणि त्याचा भाऊ यांनी १९१२ च्या सुमारास, इनेस सरोवरातील आपल्या कालवांच्या शेतीवर ये-जा करण्यासाठी, वर बसून वल्हवायची एक फळकुटवजा नाव केली. पुढे १९३३ साली मॅनली येथील डॉ. क्रॅकनथॉर्प यांनी अशा नावेचा एकाधिकार नोंदवला. कालवे पाहण्यास निघालेली ही नाव पुढे समुद्रकिनाऱ्यावरील जीवरक्षकांच्या हाती आणि त्यानंतर शर्यतींत गेली. आज शर्यतीची सर्फस्की सहा ते साडेसहा मीटर लांब असते, आणि रुंदी त्रेचाळीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक हात. कार्बनच्या तंतूंनी घडविलेल्या नावेचे वजन दहा-बारा किलोंच्या आसपास असते, तेव्हा एक माणूस ती सहज खांद्यावर टाकून चालू लागतो. वल्हेकरी तिच्या पोटात शिरत नाही. वरच्या बाजूस कोरलेल्या खोबणीत तो बसतो आणि पायाने सुकाणू फिरवतो.

तथापि सगळ्या सर्फस्की एवढ्या अरुंद नसतात. शिकाऊ माणसासाठी पंचावन्न सेंटिमीटरांच्या आसपास रुंदीची आणि थोड्या आखूड लांबीची नाव मिळते. मधल्या वर्गातली अठ्ठेचाळीस ते पन्नास सेंटिमीटरांची असते. घेणारा तरुण तिन्ही पाहतो, आणि त्याचे मन बहुधा सर्वांत अरुंद नावेकडे ओढ घेते. शर्यत जिंकणारे तीच वापरतात, मग आपणही तीच का घेऊ नये, असा त्याचा हिशेब असतो. दहा सेंटिमीटर म्हणजे केवळ चार बोटे जास्त. पण त्या चार बोटांत सगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आमची दृष्टी कोकणच्या किनाऱ्याकडे आणि साडेतीनशे वर्षे मागे गेली.

प्रथम तत्त्व पाहू. नाव पाणी कापीत जाते तेव्हा पुढे लाट उठवते, आणि ती लाट उठविण्यात वल्हेकऱ्याची शक्ती खर्च होते. नाव जितकी लांब आणि अरुंद, तितकी ही लाट लहान, म्हणून तेवढ्याच श्रमात वेग अधिक. परंतु पाट सपाट ठेवला तर त्यावर मूलही बसते, आणि तोच पाट कडेवर उभा केला तर थोरालाही बसता येत नाही. नावेचेही तसेच आहे. रुंदी कमी केली की वेग मिळतो आणि तोल जातो. आपल्याकडे छकडा आणि बैलगाडी यांत हाच भेद आहे. शर्यतीच्या छकड्यात कपाशीचे बोचके भरून जिनिंगला नेण्याचा विचार कोणी शेतकरी करणार नाही, आणि शर्यतीला भरगाडी जुंपणार नाही. दोन्हींना चाके दोनच असतात. कामे मात्र निराळी.

आता इतिहासाकडे येऊ. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी शिवछत्रपतींच्या ताब्यात आली, आणि मराठी राज्याचा पाय खाडीच्या पाण्याला लागला. पुढील दोन वर्षांत तेथे नावा बांधण्याचे काम सुरू झाले. रुई लैतांव व्हियेगश नावाचा पोर्तुगीज या कामावर होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी चिंतेने त्याला आणि त्याच्या माणसांना काढून नेले, पण काम थांबले नाही. पोर्तुगीज कागदांत या नावांना संग्विसेल म्हटले आहे. हा शब्द आपल्या संगमेश्वराच्या नावावरून आला असे अभ्यासक मानतात. ही वल्ह्यांवर चालणारी, हलकी, किनाऱ्यालगतची नाव होती. मराठी आरमाराची पहिली निवड ही अशी झाली. राज्याजवळ द्रव्य थोडे होते, खोल समुद्राचा अनुभव नव्हता, आणि पाणी होते ते खाड्यांचे. या तिन्ही गोष्टींना साजेल अशीच नाव बांधली गेली.

हळूहळू आरमार वाढले. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज बसरूरवर चालून गेले, तेव्हा पंच्याऐंशी लहान नावा आणि तीन मोठी जहाजे बरोबर असल्याचे इंग्रजांच्या पत्रांत नमूद आहे. हे प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सभासदाच्या बखरीत गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे अशी नाना जातींची नावे आली आहेत. त्यांतील आपल्या विषयाला महत्त्वाच्या जाती दोन, गुराब आणि गलबत.

या दोहोंचे सर्वांत बारकाईचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात, आंग्र्यांच्या आरमारासंबंधी लिहिताना करून ठेवले आहे. गुराबेला दोन डोलकाठ्या असत, क्वचित तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीनांची तीनशे टनांपर्यंत. लांबीच्या मानाने ती रुंद असे, पण मध्यापासून पुढे निमुळती होत जाई आणि तिचे पुढचे टोक चोचीसारखे बाहेर आलेले असे. तळ असा की थोड्या पाण्यातही ती तरावी. समोरून येणाऱ्या लाटांत ती पुढे-मागे फार हेलकावे खाई, म्हणून चोचीवरचा तक्तपोशीचा भाग कठड्याविना ठेवीत. चढलेले पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जाई. दोन मोठ्या तोफा थेट पुढच्या टोकावरून मारा करतील अशा बसविलेल्या असत.

गलबत याच घडणीचे, पण लहान. फार तर सत्तर टनांचे. मोठे एक त्रिकोणी शीड, आणि चाळीस-पन्नास भक्कम वल्ही. वजन कमी राहावे म्हणून वरची तक्तपोशी पुष्कळदा चिरलेल्या बांबूंची केलेली असे. ही बारीकशी गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. आजचा सर्फस्की बांधणारा काचतंतू सोडून कार्बनकडे वळतो आणि किलो-दोन किलो वाचवतो. कोकणच्या सुताराने तेच काम बांबूने केले. वल्ह्यांवर गलबत ताशी चार मैल जाई, असे ऑर्म सांगतो. हा वेग आज थोडा वाटेल. पण वारा पडला की युरोपीय जहाजाचा वेग शून्य होई, तेव्हा हे चार मैल पुष्कळ होते.

कारण लढाईची सारी युक्ती येथे होती. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते मिळून आंग्र्यांचा काफिला निघे. वारा नसला तर गलबते गुराबांना दोर बांधून ओढीत नेत. शत्रूच्या जहाजाच्या तोफा बहुतेक दोन्ही कुशींना असत, म्हणून हे त्याच्या पिछाडीस जमत आणि पुढच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्या पाडीत. डोलकाठी पडली की जहाज पांगळे होई. मग दोन-दोनशे, तीन-तीनशे माणसे भरलेली गलबते चहूबाजूंनी भिडत. गुराब एकटी पुरेशी नव्हती आणि गलबत एकटे पुरेसे नव्हते. एक तोफेसाठी, दुसरे वल्ह्यासाठी, अशी ती जोडी होती.

या निवडीची खरी परीक्षा मात्र आंग्र्यांच्याही आधी, १६७९ साली खांदेरीस झाली. मुंबईच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर असलेले हे ओसाड बेट महाराजांनी त्या पावसाळ्यात ताब्यात घेतले आणि तेथे तट बांधण्यास आरंभ केला. मायनाक भंडारी बेटावर होता. इंग्रजांनी बेटाला वेढा घालून रसद तोडण्याचा बेत केला. सप्टेंबरात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरू पाहताना मारला गेला. १८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखान आपला ताफा घेऊन नागावच्या बाजूने इतक्या वेगाने आला, की इंग्रजांना नांगर उचलण्यापुरताही वेळ मिळेना. डोव्हर नावाची त्यांची नाव मराठ्यांच्या हाती लागली आणि बाकीच्या लहान नावा पांगल्या. पण रिव्हेंज हे तोफांचे जहाज एकटे उभे राहिले, आणि त्याने माऱ्याच्या बळावर सारा मराठी ताफा नागोठण्याच्या खाडीकडे परतवला.

येथे कोणाचा जय झाला? त्या दिवसापुरते पाहिले तर रिव्हेंजचा. खुल्या पाण्यात मोठ्या तोफांपुढे हलक्या नावा टिकल्या नाहीत, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण लढाई होती बेटासाठी. खाडीत रिव्हेंजला शिरता येईना. तेवढे पाणीच तेथे नव्हते. रात्री, वारा पडलेला असता, लहान नावा वल्ही मारीत किनाऱ्यालगतच्या खडकांतून बेटावर दाणागोटा पोचवीत राहिल्या. मोठे जहाज पाहत राहिले. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी समझोता केला आणि वेढा उठवला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. सर्वांत बलवान नाव एक दिवस जिंकली, आणि त्या पाण्याला योग्य असलेली नाव मोहीम जिंकली.

या अनुभवाचा शहाणपणा पुढे लेखात उतरला. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र इ. स. १७१५ च्या सुमाराचे. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि नाव कशी निवडावी याचा त्यातील उपदेश आजच्या कोणाही खरेदीदाराने वाचावा इतका नेमका आहे. गुराबा फार थोर नसाव्या आणि फार लहानही नसाव्या, मध्यम असाव्या, गलबतेही तशीच, आणि वाऱ्याविना जी हलत नाहीत अशी मोठी जहाजे बांधण्याचे कारण नाही, असा त्याचा आशय. अमात्य युद्धकलेतील चुणचुणीत कल्पना सांगत बसत नाहीत. नाव कोणाच्या बळावर चालते, हे ते आधी पाहतात. वारा आपल्या हातचा नाही, वल्हे आपल्या हातचे आहे, हे त्यामागचे सूत्र. पावसाळ्यापूर्वी आरमार कोठे आणि कसे ठेवावे, लाकूड कोठून घ्यावे याचेही नियम ते घालून देतात. आंबा-फणसाची झाडे आरमाराच्या कामाची असली, तरी रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात म्हणून जबरीने तोडू नयेत, हा त्यांतलाच दंडक. नावेची निवड म्हणजे लाकूड, माणूस, बंदर आणि रयत या सर्वांची निवड, हे त्या काळच्या राज्यकर्त्याला कळले होते.

मग असे असूनही १७५६ साली हे आरमार का बुडाले? या प्रश्नावर आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, मराठ्यांची नावे मुळातच मागासलेली. दुसरा म्हणतो, नावांत काही उणे नव्हते, केवळ घरभेदाने घात केला. आम्हांस दोन्ही अपुरी वाटतात. घरभेद तर उघडच आहे. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे वैर विकोपास गेले, पेशव्यांनी १७५५ साली इंग्रजांशी करार केला, त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनचे आरमार विजयदुर्गासमोर येऊन ठाकले. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती. तुळाजीचा ताफा खाडीत किल्ल्याखाली, एकमेकांना लागून उभा होता. इंग्रजांचा एक गोळा रेस्टोरेशन या जहाजावर पडला. हे जहाज तुळाजीने १७४९ साली इंग्रजांकडूनच जिंकून घेतले होते. त्याने पेट घेतला, आग या गुराबेवरून त्या गुराबेवर गेली, आणि पाहता पाहता सारे आरमार जळाले.

परंतु दुसरी बाजूही बोलली पाहिजे. खांदेरीचा शत्रू आणि विजयदुर्गचा शत्रू एक नव्हता. पहिला व्यापारी कंपनीची मोजकी जहाजे घेऊन आला होता. दुसऱ्याजवळ ब्रिटिश राजाच्या आरमाराची मोठी लढाऊ जहाजे होती आणि त्यांच्यावर बॉम्बगोळे होते. खाडीचे उथळ पाणी पूर्वी ढाल होती. आता गोळा दुरून येऊन पडू लागला, तेव्हा तीच खाडी कोंडवाडा झाली. किनाऱ्याच्या पाण्यासाठी केलेली १६५९ सालची निवड चोख होती. तीच निवड शंभर वर्षांनी, पाणी आणि शत्रू पालटल्यावर, पुन्हा तपासून पाहण्याचे सामर्थ्य आणि एकी राज्यापाशी उरली नव्हती. दोष लाकडाचा नव्हता. प्रश्न पुन्हा विचारला गेला नाही, हा दोष होता.

आता सर्फस्की घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या तरुणाकडे परत येऊ. खांदेरी आणि आज्ञापत्र त्याला काय सांगतील?

पहिला प्रश्न पाण्याचा. सरोवराच्या स्तब्ध पाण्यावर अरुंद नाव निर्विवाद वेगवान. आपल्या शेजारच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ दुष्काळी गावातून सैन्यात गेले, तेथे वल्हवायला शिकले, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून त्यांनी सुवर्णपदकही मिळवले. त्यांची नाव सर्फस्कीहूनही अरुंद आणि आठ मीटरांच्या आसपास लांब असते. पण ती सरोवराची नाव. समुद्राच्या लाटेत तिचा निभाव लागणार नाही. समुद्रावर पाणी मागून, समोरून आणि कुशीवरून एकाच वेळी हलते, आणि तेथे तोल सांभाळता आला तरच वेग हाती लागतो.

दुसरा प्रश्न माणसाचा. वल्हेकरी ज्या नावेत डळमळतो, तिच्यात त्याचे निम्मे बळ वल्ह्याने पाणी थोपटून तोल सावरण्यातच जाते. पुढे ढकलण्यास उरते काय? पन्नास सेंटिमीटरांच्या नावेत निश्चिंत बसलेला मनुष्य, चव्वेचाळीसच्या नावेत धास्तावलेल्या तेवढ्याच ताकदीच्या मनुष्याला खवळलेल्या पाण्यात मागे टाकतो. कोकणातील कोळी अरुंद होडीला बाजूने उलांडी बांधतो, ती भित्रेपणाने नव्हे. दोन्ही हात जाळ्यासाठी मोकळे हवेत म्हणून. आधी तोल, मग वेग हा क्रम अनुभवी माणसे सांगतात, तो या कारणाने. तोल पक्का झाल्यावर अरुंद नाव घेता येते. चढण्याची ही पायरी वगळली, तर पैसा जातो आणि कधी जीवावरही बेतते.

तिसरा प्रश्न वाऱ्याचा. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारचा खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे. मतलईच्या भरात नवखा मनुष्य आनंदाने आत जातो. काठाजवळ पाणी शांत दिसते. परतताना तोच वारा तोंडावर येतो, आणि उलटलेल्या हलक्या नावेला तर तो पानासारखा दूर नेतो. म्हणून नावेला आणि पायाला जोडणारी दोरी आणि अंगात तरंगते जाकीट ही सामुग्री कोणत्याही नावेपेक्षा आधी घ्यावी. आणि विकत घेण्यापूर्वी एक कसोटी स्वतःला लावावी : खोल पाण्यात, लाटांत, ही नाव उलटली, तर कोणाच्या मदतीवाचून मी पुन्हा हिच्यावर चढून बसू शकेन काय? ज्या नावेवर चढता येत नाही ती नाव, कितीही वेगवान असो, आपली नव्हे.

चौथा प्रश्न किनाऱ्याचा. कार्बनची नाव हलकी आणि ताठ, पण महाग, आणि खडकावर आपटली तर तडकणारी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वाळू आणि खडक हातात हात घालून असतात. शिकण्याच्या काळात थोडी जड पण दणकट काचतंतूची नाव अधिक उपयोगी पडते. फार थोर नको, फार लहान नको, मध्यम असावी, हा अमात्यांचा विवेक येथेही उपयोगी पडतो.

शेवटी आपल्या गावातील एका दृश्याची आठवण करून देतो. आषाढी एकादशीस पिंप्राळ्याचा रथ निघतो, तेव्हा दोर ओढणाऱ्यांचा जयघोष आपल्या कानी पडतो. पण रथ वळतो कसा, उतारावर थांबतो कसा, हे पाहायचे तर चाकाशी वाकलेल्या, लाकडी मोगरी हाती घेतलेल्या माणसांकडे पाहावे लागते. मोगरी नेमकी पडली नाही तर एवढ्या ओढण्याचा उपयोग काय? रथाचा वेग मोगरीवाल्याच्या बेताचा असतो, आणि म्हणूनच तो सुखरूप मंदिरापाशी येतो. समुद्रावर जाणाऱ्याने नाव निवडताना ओढणारे बळ मोजावे, पण तिला आवरणारा हात आपल्यापाशी किती तयार आहे, हे त्याआधी मोजावे. खांदेरीच्या वल्हेकऱ्यांनी ते मोजले होते.